भोगव्याला जाण्याआधी तिथी पाहिली

सिंधुदुर्गात, कर्ली नदीच्या मुखाशी असलेल्या भोगव्याला पोहायला जायचं म्हणून गाडीचं आरक्षण झालं होतं, लेकीच्या शाळेची सुट्टीही जुळली होती. मुक्काम ठरवायला फोन केला, तर घरमालक काका तारीख ऐकून थांबले. "चेडवाक घेवन येताय मां? मगे पुनवेक नको, तेवा उधाण. आठ दिवसांनी अष्टमीक येवा. भांगाचा पाणी बरा."

चेडू म्हणजे लेक, उधाण म्हणजे मोठी भरती-ओहोटी आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी. मग त्यांनी हिशेब समजावला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सहाएक तास ओहोटी. म्हणजे ऐन दुपारी, माणसं पाण्यात असतात तेव्हाच, कर्ली नदीचं पाणी मुखातून जोरात समुद्राकडे ओढत जातं. अष्टमीला भरती सकाळी ६ च्या सुमाराला. बारानंतर पाणी पुन्हा चढायला लागतं, तेही सावकाश, कारण भांगाला चढउतार कमी असतो. मी तिकिटं बदलली. थोडे पैसे कापले गेले, पण त्याचं काही वाटलं नाही.

कुडाळला उतरून परुळ्यामार्गे गेलो. कर्लीच्या पलीकडे देवबाग, तिकडे बोटींची धावपळ. अलीकडे सगळं शांत. ही शांतता मला हवीच होती, पण हाक मारली तर ऐकायलाही कोणी नाही, हेही लक्षात आलं. म्हणून आमचं ठरलं: एक पाण्यात असेल तेव्हा दुसरा काठावर उभा, आणि दोघांची नजर एकमेकांवर.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका किनाऱ्यावर लेकीला मिळालेल्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं. बोटवाल्याने दोरीची गाठ मारली आणि मी गप्प बसले. ते अजून सलतं. यावेळी काकांनी जॅकेट चढवल्यावर तिला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर उचललं. जॅकेट थेट कानापर्यंत सरकलं. "ह्या मोठा," म्हणत त्यांनी दुसरं आणलं. ते जागचं हललं नाही, तेव्हाच कयाक पाण्यात गेली. तीही आधी खाडीत, कांदळवनाच्या कडेकडेने. समुद्राच्या बाजूला नाहीच.

पोहणं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, संगमापासून बरंच लांब. मी पोहायला शिकले पुण्याच्या तलावात. लाटा फुटत नव्हत्या असा एक गुळगुळीत पट्टा दिसला आणि मी तिकडेच निघाले. काकांनी हात धरला. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी अशाच वाटेने परत जातं, माणसालाही घेऊन जातं. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडायचं, मग आत वळायचं. उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं. वाळूत लपलेली वागळी, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, असेल तर ती आधीच सरकते.

मग काकांनी नारळाचं एक सोडण पाण्यात फेकलं आणि लेकीला म्हणाले, "ह्या खंय जाता ता बघ, मगेच उतर."

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. सोडण दोन लाटांवर हेलकावलं, थोडं डावीकडे गेलं आणि हळूहळू आमच्या पायांशी येऊन वाळूला लागलं. तिने ते उचललं, माझ्या हातात दिलं आणि पाय घासत पाण्यात शिरली.