बर्फातल्या सहलीत ‘जेवण समाविष्ट’ म्हणजे काय काय

दिवाळी सरली की गावाकडून विचारणा सुरू होते. कुणाच्या मुलाने नाताळच्या सुट्टीत युरोपात स्कीइंगचं पॅकेज घेतलेलं असतं, कुणी लेक-जावयासोबत निघालेलं असतं. व्हिसा, थर्मल, बूट हे विषय दोन मिनिटांत उरकतात आणि मग खरा मुद्दा येतो, तोही जरा आवाज खाली करून, “बाई, जेवणाचं कसं आहे तिकडं?”

आवाज खाली करायचं काही कारण नाही. माणशी लाखांत पैसे मोजायचे आणि आठवडाभर ताटात काय पडणार हे विचारायला लाजायचं, हे मला पटत नाही. विचारायलाच हवं. फक्त ते कुणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत विचारायचं हे माहीत हवं, म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची उदगीरची. हॉटेल मॅनेजमेंट छत्रपती संभाजीनगरला केलं. आता ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, झिलरटाल खोऱ्यातल्या एका हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये काम करते. डिसेंबर ते एप्रिल आमचा हंगाम. शनिवारी जुने पाहुणे जातात, नवे येतात, आणि दर शनिवारी संध्याकाळी मला तेच चेहरे दिसतात. प्रवासाने थकलेले, भुकेलेले आणि टेबलावर काय येतंय याची वाट बघणारे.

घरच्यासारखं खायला मिळावं असं फक्त आपल्यालाच वाटतं, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. इंग्रज पाहुण्याला सकाळी गरम नाश्ता आणि चहात थंड दूध लागतं. इथं चहासोबत लिंबाची फोड आली की तो उठून दुधाचा जग शोधायला लागतो. डच मुलांना पावावर चॉकलेटचे दाणे भुरभुरून हवे असतात. जर्मन पाहुण्याला पाव मऊ निघालेला खपत नाही. फ्रान्समधल्या स्कीच्या गावांत तर इंग्रजी सहल कंपन्या ‘शॅले’ म्हणून अख्खी घरंच चालवतात. कंपनीची मुलं-मुली तिथे नाश्ता करून घालतात, दुपारी मंडळी बर्फातून परतायच्या आत केक तयार ठेवतात आणि रात्री तीन पदार्थांचं जेवण वाढतात. आपल्या सहल कंपन्या सोबत महाराज आणतात तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

खरं तर विमानाने नेणाऱ्या पॅकेज सहलीचा इतिहासच जेवणापाशी सुरू होतो. १९५० साली व्लादिमिर राइट्झ या गृहस्थाने लंडनहून विमानाने लोकांना कॉर्सिका बेटावर काल्व्हीला नेलं. दर होता ३२ पौंड १० शिलिंग. राहायला तंबू होते, पण जेवणात दिवसातून दोनदा मांस मिळणार होतं. ब्रिटनमध्ये तेव्हा मांस रेशनवर होतं आणि ते रेशनिंग उठलं १९५४ साली. पर्यटकाला काय खायला हवंय हे ओळखून विकलेली ती सहल होती.

आता आपल्या कागदाकडे येऊ. माहितीपत्रकावर ‘जेवण समाविष्ट’ असं ठळक छापलेलं असतं. आल्प्समधल्या हॉटेलांत त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाफ बोर्ड, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. सात रात्रींचं पॅकेज असेल तर सात नाश्ते आणि सात रात्रीची जेवणं. सुरुवात पोचलेल्या दिवशी रात्री होते आणि शेवट निघायच्या दिवशी सकाळी. दुपारचं जेवण त्यात नाही. ते तुम्ही वर डोंगरातल्या एखाद्या हॉटेलात आपल्या पैशाने घ्यायचं. तिथे एका साध्या गरम पदार्थाला पंधरा युरोच्या आसपास पडतात, म्हणजे जवळपास दीड हजार रुपये. चौघांचं कुटुंब सहा दिवस वर जेवलं तर किती होतात ते घरूनच मांडून ठेवा. रात्रीच्या जेवणात पेयं धरलेली नसतात. बाटलीचं पाणी मागवलं तर तेही खोलीच्या बिलावर चढतं.

बऱ्याच टिरोली हॉटेलांत दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला ‘याउझे’ मांडतात. सूप, पाव, चीज, केक, फळं. याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात. बर्फात दिवसभर घसरून-पडून आलेल्या माणसाला खरी भूक लागते ती याच वेळी. पण आपली मंडळी नेमकी तेव्हा बाजारात फोटो काढत असतात आणि साडेआठला उपाशीपोटी डायनिंग हॉलच्या दारात उभी राहतात. तोवर स्वयंपाकघर आवरायला लागलेलं असतं. इथे रात्रीच्या जेवणाची वेळ साधारण साडेसहा ते साडेआठ. नऊला गरम काही मिळणार नाही. कुणी अडवून धरतं म्हणून नव्हे. शेगड्या बंद होऊन पुसून झालेल्या असतात आणि आचाऱ्यांची पाळी संपलेली असते.

हे सगळं इतकं घड्याळावर का चालतं, तेही सांगते. हाफ बोर्डचा हिशोब माणसांच्या मोजणीवर उभा असतो. आठवडाभर तुमचं टेबल ठरलेलं. सकाळी नाश्त्याला टेबलावर एक चिठ्ठी असते, तिच्यावर रात्रीच्या दोन-तीन मुख्य पदार्थांपैकी एकावर खूण करायची. त्या खुणा मोजून स्वयंपाकघर कामाला लागतं. म्हणून दर परवडतो, म्हणून अन्न वाया जात नाही. आणि म्हणूनच रात्री सातला टेबलावर बसून “आम्ही हे खात नाही” म्हटलं, तर आचाऱ्याच्या हातात उकडलेले बटाटे आणि सॅलड यापलीकडे फारसं काही उरत नाही.

मागच्या हंगामात आपल्या लातूरकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलगा, सून, नातू, आणि सोबत काका-काकू. काका माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी न चुकवणारे. पहिल्या रात्री टेबलावर सूप आलं. इथलं नेहमीचंच. सोनेरी, नितळ पाणी, त्यात पातळ धिरड्याच्या बारीक पट्ट्या आणि वर हिरवी पात चिरून टाकलेली. माझ्या सहकाऱ्याने सांगितलं, यात मांस नाही. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं, कारण त्या वाटीत मांसाचा एकही तुकडा नव्हता. काकांनी चमचा भरला, आणि पलीकडे मी मराठी बोलताना कानावर पडलं असेल, तसाच हातात धरून विचारलं, “पोरी, हे चालतंय का आम्हाला?”

ते सूप गोमांसाच्या आणि हाडांच्या उकळलेल्या पाण्यावर केलेलं असतं. ऑस्ट्रियात घरोघरी असंच करतात, त्यात लपवाछपवी काही नाही. मी म्हटलं, “काका, राहू द्या, हे मांसाहारी आहे.” कशाचं ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. चमचा वाटीत ठेवून त्यांनी वाटी हळूच पुढे सरकवली. मी वाटी उचलली, आणि शेजारची बटाट्याच्या सॅलडची बशीही उचलली, कारण इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्येही बहुतेक वेळा तेच पाणी घालतात. काकांनी त्या रात्री पाव, लोणी आणि सफरचंद खाल्लं.

त्यांच्याकडच्या कागदावर ‘शाकाहारी जेवणाची सोय’ असं स्पष्ट मराठीत छापलेलं होतं. आमच्याकडे आलेल्या यादीत मात्र नावं होती, खोल्या होत्या, ‘हाफ बोर्ड, पाच’ इतकंच होतं. शाकाहाराचा शब्दही नव्हता. लातूरला दिलेलं वचन झिलरटालपर्यंत पोचलंच नव्हतं. मला याचा राग येतो, अजूनही येतो. ज्या माणसाने आयुष्यभर एक नेम पाळला, त्याच्या ओठाशी तो मोडायला आला होता, आणि कशामुळे, तर कुणीतरी एक ओळ लिहायची राहिली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्य आचाऱ्याला सगळं समजावून सांगितलं. तो पक्का टिरोली गडी, कुरकुर न करता ऐकून घेतलं. लाल मसूर इथल्या कुठल्याही दुकानात मिळते, तांदूळ होताच, जिरं-हळदही होती. संध्याकाळी त्याने डाळ शिजवली, पळीतून ओतून दाखवत मला विचारलं, “इतकी पातळ चालेल?” मी आणखी पाणी घालायला लावलं. तेल चांगलं तापू दे, मग जिरं टाक, एवढंच मी शेजारी उभी राहून सांगत होते. काकांनी दोनदा भात घेतला. एवढी सोपी गोष्ट होती ती, फक्त आधी कळायला हवी होती.

शाकाहारी माणसाने इथे सूप आणि बटाट्याच्या सॅलडखेरीज आणखी काही पदार्थांना जपावं. लाल कोबीच्या भाजीत डुकराची चरबी असू शकते, आंबवलेल्या कोबीत आणि परतलेल्या बटाट्यांत खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असतं. डोंगरात बनवलेलं पारंपरिक चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, विरजलेलं असतं. फ्रेंच फ्राइज अनेक ठिकाणी श्नित्झेलच्या, म्हणजे मांसाच्या तळलेल्या कापांच्याच तेलात तळतात. शाकाहारी म्हणून सर्रास सुचवतात ते केझश्पेट्झले, म्हणजे चीज आणि तळलेल्या कांद्यातले पिठाचे गोळे, चवीला छान, पण त्या पिठात अंडं असतं. कैझरश्मार्न या तुकडे केलेल्या गोड धिरड्यातही असतं. अंडं चालत असेल तर तुमचा आठवडा मजेत जाईल. नसेल, किंवा कांदा-लसूणही वर्ज्य असेल, तर आधी कळवल्याशिवाय निघूच नका.

मेनूवर पदार्थापुढे इंग्रजी अक्षरं छापलेली दिसतील. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०१४ पासून १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. ऑस्ट्रियात ‘सी’ म्हणजे अंडं, ‘डी’ म्हणजे मासे, ‘जी’ म्हणजे दूध. अंडं न खाणाऱ्यांना ‘सी’चा फार उपयोग होतो. पण मांस हा या १४ घटकांत येतच नाही. तेव्हा अक्षर नाही म्हणजे मांस नाही, असं समजू नका.

मग करायचं काय? नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका. बुकिंग करतानाच लेखी सांगा की मांस नको, मासे नको, मांसाच्या किंवा हाडांच्या पाण्यावर केलेलं सूप नको, प्राण्यांची चरबी नको, जिलेटिन नको, आणि अंडं चालतं की नाही. हीच ओळ सहल कंपनीला आणि थेट हॉटेललाही ईमेलने पाठवा, निघायच्या महिनाभर तरी आधी. हॉटेलचं उत्तर फोनमध्ये ठेवा आणि पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या आधी डायनिंग हॉलच्या प्रमुखाला दाखवा. कुणालाही राग येत नाही, उलट आमचं काम सोपं होतं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. युरोपीय संघाचे पॅकेज प्रवासाचे नवे नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत. जेवणात काय धरलंय हे करार करण्यापूर्वी सांगावं लागतं आणि प्रवाशाची जी खास मागणी आयोजकाने मान्य केली ती करारात उतरवावी लागते. हे नियम तिथे विकलेल्या पॅकेजना. आपण लातुरात किंवा नांदेडात पैसे भरतो तेव्हा आपल्या हातात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. त्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी. पण त्यासाठी हातात कागद हवा. फोनवर “हो हो, सगळी सोय आहे” म्हटलेलं तिथे टिकत नाही.

सोबत काय न्यावं, हेही विचारतात. शेंगदाण्याची चटणी, येसर, मेतकूट, काळा मसाला खुशाल घ्या. आठवडाभराच्या फिक्या जेवणाला चटणीचा एक चमचा मोठा आधार असतो आणि आमच्या हॉलमध्ये तरी कुणी हरकत घेत नाही. मात्र युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. कुंथलगिरीचे पेढे, खवा, घरचं साजूक तूप हे सगळं त्यात आलं. विमानतळावर काढून घेतात, मग जीव हळहळतो. आणि खोलीत इंडक्शन लावून खिचडी टाकू नका. आगीची घंटा वाजली की भर बर्फात सगळं हॉटेल बाहेर काढावं लागतं.

स्वतः रांधून खायचं असेल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. फ्रान्समध्ये ती भरपूर मिळतात. पण उंचीचा विचार करा. आमचं मायरहोफेन गाव साधारण ६३० मीटरवर, म्हणजे जवळपास लातूरएवढ्याच उंचीवर, त्यामुळे इथे वरण घरच्याइतक्याच वेळात शिजतं. फ्रान्समधलं व्हाल थोराँस आहे २,३०० मीटरवर. तिथे पाणी ९२-९३ अंशांलाच उकळतं आणि तूरडाळ साध्या पातेल्यात शिजायला फार वेळ लागतो. मूग किंवा मसूर न्या, आणि अपार्टमेंटची शेगडी कोणती आहे ते आधी विचारून तिच्यावर चालेल असा छोटा कुकर बॅगेत टाका.