ऑकलंडमध्ये मुलांना आकाश दाखवायचं तर हिवाळ्यातच

इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री दहापर्यंत नीट अंधार पडत नाही, तोवर मुलं पेंगायला लागतात. जूनच्या अखेरीस मात्र साडेसहालाच तारे निघतात आणि त्रिशंकू, म्हणजे क्रॉसच्या आकाराचा तारकासमूह, दक्षिणेला चांगला उंच असतो. आपल्याकडे तो वैशाखात क्षितिजालगत जेमतेम दिसतो.

ध्रुवतारा इथून दिसत नाही, म्हणून दिशा त्रिशंकूवरून काढायची. त्याचा लांब दांडा खाली साडेचार पट वाढवला की आकाशातल्या दक्षिण ध्रुवाची जागा येते. तिथे ठळक तारा मात्र नाही. हात ताठ धरून क्षितिजापासून त्या जागेपर्यंत मुठीवर मूठ रचायला सांगा, चार मुठींना किंचित कमी भरतं. फसवतो तो पश्चिमेकडचा खोटा त्रिशंकू. तो मोठा आणि फिकट असतो, खऱ्या त्रिशंकूसारखे शेजारी मित्र-मित्रक हे दोन ठळक तारे नसतात.

मंडळाचा कार्यक्रम असेल तर शुद्ध सप्तमी-अष्टमी धरा, चंद्रावरची विवरं सावलीच्या कडेला उठून दिसतात. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीला २५ मिमीचं नेत्रभिंग लावलं की साधारण ४८ पट मोठं दिसतं, तेवढं पुरे. जास्त पट वाढवली की चंद्र लवकर निसटतो आणि रांग तुंबते. ४८ पटीलाही मधोमध धरलेला चंद्र दोनेक मिनिटांत सरकायला लागतो, म्हणून तो आधी कडेला ठेवा, मग फिरत मध्ये येतो. मुलं नेत्रभिंगच धरून उभी राहतात आणि नळी हलते. जवळ पाठीची खुर्ची ठेवा, हात तिच्यावर. ‘दिसलं का?’ विचारलं की प्रत्येक मूल ‘हो’च म्हणतं, ‘काळी बाजू कुठली?’ असं विचारा.

द्विनेत्री घेताना एक बघा: लहान मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं, मोठी द्विनेत्री तेवढी मिटत नाही आणि दोन गोल दिसतात. इथल्या दमट हवेत काचेवर दव धरतं. पुसू नका, दुसरं नेत्रभिंग खिशात उबेत ठेवून बदला. टॉर्चला लाल जिलेटीन कागद दुहेरी लावा, आणि मोबाईल पिशवीत. एकाने पडदा उजळला की डोळे अंधाराला सरावण्यात गेलेली सगळ्यांची वीस मिनिटं वाया.

कृत्तिका बघायच्या तर पहाट गाठावी लागते. माओरी लोकांचं नववर्ष, मातारिकी, त्यांच्याच उदयाशी जोडलेलं आहे. २०२२पासून त्याची राष्ट्रीय सुट्टी असते. सूर्योदय साडेसातला, त्यामुळे सहाला पोहोचलात तरी चालतं. ईशान्येला झाडं-इमारती आड येणार नाहीत अशी जागा दिवसाच बघून ठेवा.