जायरोचा काही दोष नाही, सर

रोबोटिक्स शिकवायला लागून बरीच वर्षं झाली, पण स्पर्धेच्या दिवशी हात खिशात ठेवायचे असतात हे अजून अंगवळणी पडलेलं नाही. फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या रोबोट स्पर्धेत रोबोट बांधायचा मुलांनी, प्रोग्रॅम लिहायचा मुलांनी आणि गडबड झाली तर निस्तरायचीही मुलांनीच. मार्गदर्शकाने लांब उभं राहून चेहरा शांत ठेवायचा. मला तेवढंही जमत नाही.

सामना अडीच मिनिटांचा. अशा तीन फेऱ्या होतात आणि त्यातली सगळ्यात चांगली धरतात. रिमोट वगैरे काही नसतं. सोडला की रोबोट आपल्या प्रोग्रॅमवर चालतो. सुरुवातीच्या जागेबाहेर कुठे अडकला आणि मुलांनी हात लावून परत आणला, तर पंच एक लाल चकती काढून घेतात. चकत्या सहा. पहिली गेली तरी चकत्यांचे ५० गुण शाबूत राहतात, पुढे मात्र उतरण लागते: चार उरल्या तर ३५, तीन उरल्या तर २५.

पहिल्या फेरीत आमचा रोबोट ऐटीत निघाला आणि मीटरभर जाईपर्यंत तीन-चार सेंटीमीटर डावीकडे सरकला. पुढचा दांडा टेबलावरच्या लेगो मॉडेलमध्ये घुसायचा, तो शेजारी हवेतच फिरला. उचलून आणला, पुन्हा सोडला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तीन चकत्या गेल्या.

मला कारण तिथल्या तिथे कळलं. म्हणजे, कळलंय असं वाटलं. हब, म्हणजे रोबोटचा मेंदू, चालू होताना रोबोट हातात हलत असला, तर जायरो, म्हणजे रोबोट किती वळला ते मोजणारा सेन्सर, चुकीचा शून्य धरतो आणि उभ्या जागी त्याचा कोन सरकत राहतो. शंभरदा पाहिलेली गोष्ट. उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचे, असा माझाच नियम आहे. म्हणून मी प्रश्न विचारला, "हब चालू केला तेव्हा रोबोट कुठे होता रे?" याला प्रश्न म्हणत नाहीत, हे मलाही कळत होतं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीने रोबोट टेबलावर ठेवला, लॅपटॉपवर कोनाचा आकडा उघडला आणि हाताची घडी घालून बसली. मिनिट गेलं, दोन गेली. आकडा शून्यावरून हलेना. "जायरोचा काही दोष नाही, सर." तिने सरावाच्या टेबलावर तोच प्रोग्रॅम चार वेळा चालवला. चारही वेळा रोबोट नाकासमोर गेला.

मग मी गप्पच बसलो. बाकीच्यांनी ओल्या फडक्याने टायर पुसले, बॅटरी पाहिली, एकमेकांवर थोडं ओरडूनही घेतलं. गटातली सर्वांत लहान मुलगी, जिच्याकडे आम्ही दांडे बदलायचं काम दिलं होतं, ती माझा फोन मागून घेऊन कोपऱ्यात बसली होती. फेरीचं चित्रीकरण मीच केलं होतं; बघायचं मात्र मला सुचलं नव्हतं. ती सुरुवातीचे दोन सेकंद मागेपुढे करून बघत होती.

"दादाचं बोट बघा."

सामन्यात बटण दाबायचं काम गटातल्या सगळ्यात उत्साही मुलाकडे होतं. पंचांचं "तीन, दोन, एक" संपलं की तो अंगठ्याने बटण असं दाबायचा, की जणू दाराची कडीच ढकलतोय. त्या दाबाने रोबोटचं मागचं टोक टेबलाच्या कडेच्या भिंतीपासून किंचित सुटत होतं. फार नाही, दोनेक अंश. पण दोन अंशांनी मीटरभरावर साडेतीन सेंटीमीटरचा फरक पडतो. प्रोग्रॅमची पहिलीच ओळ जायरो शून्य करणारी. म्हणजे रोबोट आधी वाकडा होत होता, मग त्या वाकड्या दिशेलाच शून्य मानून इमानेइतबारे सरळ चालत होता. सरावात बटण दाबायची ती प्रोग्रॅमवाली, हलक्या हाताने.

आता सोपा उपाय म्हणजे बटण तिने दाबायचं. मी असतो तर तेच केलं असतं. मुलांनी केलं नाही. तो मुलगा कावराबावरा होऊन उभा होता आणि त्याला बाजूला करू या, असं कुणाच्या तोंडातून आलं नाही. त्यांनी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला दोन ओळी घातल्या: अर्धा सेकंद मागे जाऊन पाठ भिंतीला टेकवायची, मग थोडं थांबून जायरो शून्य करायचा. आता कुणीही कसंही दाबा.

दुसऱ्या फेरीत त्यानेच दाबलं, तेवढ्याच जोराने. रोबोट मागे सरकला, भिंतीला टेकला, क्षणभर थांबला आणि निघाला. दांडा बरोबर मॉडेलमध्ये घुसला. तिसऱ्या फेरीत वेगळ्याच ठिकाणी माती खाल्ली, पण दुसरीचे गुण हातात होते.

दुपारी परीक्षकांसमोर रोबोटविषयी बोलायचं होतं. मी मागच्या खुर्चीत होतो, तोंड उघडायची परवानगी नव्हती. आज अडचण काय आली आणि ती कशी शोधली, असं त्यांनी विचारलं.

सर्वांत लहान मुलगी पुढे झाली. "आधी आम्ही जायरो तपासला, कारण सरांना तो वाटत होता."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मी माझ्या बुटांच्या नाड्या बघत बसलो.