कानांनी जिंकलेल्या शर्यती

झोपायला उशीर झालाय, पण हे लिहूनच झोपणार. रेडिओवर आज एका ज्येष्ठ, निवृत्त जॉकीची मुलाखत लागली होती. इतका चांगला पाहुणा रेडिओला क्वचित लाभतो.

घोड्यांची शर्यत ही बघायची गोष्ट, असं आपण धरूनच चालतो. दुर्बिणी, झळाळते रंगीत सदरे, शेवटच्या वळणावर उभी राहिलेली गर्दी. पण जॉकीने स्वतःची शर्यत अशी कधी पाहिलेलीच नसते! त्याला दिसतात घोड्याचे दोन कान, वाऱ्यावर उडणारी आयाळ आणि पुढच्या टापांनी उधळलेली माती. बाकीचं त्याला हातांनी आणि कानांनी कळतं. म्हणूनच हे गृहस्थ बोलू लागले तेव्हा चित्राची उणीव जाणवली नाही. जे त्यांनी ऐकलं होतं तेच ते आम्हाला ऐकवत होते.

श्वासाबद्दल ते फार सुंदर बोलले. चौखूर धावणाऱ्या घोड्याचा श्वास त्याच्या झेपेशी बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. त्यामुळे लय बिघडली की ती आधी ऐकू येते आणि मग दिसते. शेजारच्या घोड्याचा श्वास जड झाला, त्याच्या जॉकीची हालचाल वाढली, की मान न वळवता त्यांना कळायचं की याच्याकडे आता फारसं उरलेलं नाही. जमीन कडक असेल तर टाप कशी वाजते आणि पावसाने मऊ झाली असेल तर कशी दबते, हे त्यांनी बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलं. हा भाग मी डोळे मिटून ऐकला.

घोड्यावर मांड ठोकून बसणं आपल्याला ठाऊक असतं. जॉकी शर्यतीत बसतच नाही. आखूड रिकिबींत पावलांचा पुढचा भाग टेकवून तो खोगिराच्या वर अधांतरी राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीने ही बैठक इंग्लंडमध्ये गाजवली, आणि सुरुवातीला लोक त्याला हसले होते. पुढे 2009 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला. ही बैठक रूढ झाली त्या काळात शर्यतींच्या वेळा 5 ते 7 टक्क्यांनी सुधारल्याचं त्यात दाखवलं होतं. प्रत्येक झेपेत घोड्याचं अंग क्षणभर वेग घेतं आणि क्षणभर मंदावतं. जॉकी आपले पाय स्प्रिंगसारखे वापरून तो हिसका स्वतःच्या धडापर्यंत पोचू देत नाही. घोड्याला त्याचं वजन वाहावं लागतं, पण दर झेपेला पुढेमागे ढकलावं लागत नाही. मी हे पूर्वी वाचलं होतं. आज मांड्या कशा पेटतात आणि शेवटच्या फर्लांगात पाय थरथरत असताना हात मात्र मऊ कसे ठेवायचे, हे प्रत्यक्ष करणाऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते खरं समजलं.

वजनाचा विषय निघालाच. शर्यतीपूर्वी काटा, शर्यतीनंतर पुन्हा काटा, आणि घोड्यासाठी ठरवून दिलेल्या वजनापेक्षा कमी भरलं तर जिंकलेली शर्यतही हातची जाते. अंगावर वजन चढू नये म्हणून उपाशीपोटी काढलेल्या दिवसांबद्दल ते थोडंच बोलले.

हरलेल्या शर्यती त्यांना जिंकलेल्यांपेक्षा नीट आठवत होत्या. ऐकताना मला अमेरिकन जॉकी बिल शूमेकर आठवले. 1957 च्या केंटकी डर्बीत, म्हणजे अमेरिकेतल्या नामांकित शर्यतीत, गॅलंट मॅन या घोड्यावर असताना त्यांनी अंतिम रेषेआधीचा खांबच शेवटचा समजला, क्षणभर रिकिबींत उभे राहिले आणि अगदी थोडक्यात हरले. त्याच शूमेकरनी 1986 मध्ये वयाच्या 54 व्या वर्षी फर्डिनंडवर तीच डर्बी जिंकली, आणि कारकीर्द संपवली ती 8,833 विजयांवर. ज्याच्या नावावर इतके विजय आहेत त्याच्याही मनात तो खांब कायम उभा असणार, असं मला वाटतं. आजच्या पाहुण्यांनीही स्वतःच्या अशाच एका शर्यतीचा हिशेब मांडला, घोड्यावर दोष न ढकलता.

मात्र माझ्या कानांच्या सिद्धांताला इंग्लिश जॉकी लेस्टर पिगॉट आडवे येतात. त्यांना लहानपणापासून कमी ऐकू यायचं, बोलणंही अस्पष्ट, मोजकं. तरी 1954 ते 1983 या काळात त्यांनी इंग्लंडमधली एप्समची डर्बी 9 वेळा जिंकली. म्हणजे ऐकण्याचं बरंचसं काम लगामातून येणाऱ्या ताणावरही होत असलं पाहिजे. आमच्या पाहुण्यांचंही म्हणणं हेच होतं की कान चुकले तरी हात सहसा चुकत नाहीत.

निवेदिकेचंही कौतुक करायला हवं. पाहुणे थांबले की तीही थांबायची. त्या शांततेला घाबरून तिने एकदाही गाणं लावलं नाही. म्हणून तर दर वेळी त्यांचं पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा खोल निघत गेलं.

उरलेला भाग पुढच्या आठवड्यात आहे, घोड्यावरून पडण्याबद्दल. घोडे धावत असताना मागून रुग्णवाहिका चालत असते. त्या गाडीचा आवाज शर्यतीच्या भरात जॉकीला येतो का, हा प्रश्न मी आत्ताच कार्यक्रमाला लिहून पाठवला आहे.