आईची साठी आणि काशाच्या वाट्या

आमच्याकडे फैजपूर-यावल साईडला घरात काही कार्यक्रम असला की घरची बाई सगळ्यात शेवटी जेवते. मांडे असोत नाहीतर भरीत-पुरी, आई चुलीपाशी आणि आम्ही पंगतीत, आणि ती बसेपर्यंत निम्मं संपलेलं असतं. म्हणून यावेळी तिची साठी आली तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं की पूजा, साठ दिव्यांचं औक्षण, पाहुणेरावळे हे सगळं गावी होऊ दे, पण एक जेवण असं करायचं की जिथे आईला उठताच येणार नाही. पुण्याच्या बहिणीची मुलगी कोरियन सिरियल्सची वेडी, तिने कोरियन रेस्टॉरंट सुचवलं. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, त्यामुळे पुण्यात कोरियन लोक बरेच राहतात आणि त्यांच्या पद्धतीचं जेवण तिथे मिळतं. हे तर चांगलं महागातलं होतं, वेगळी खोली, सरकता लाकडी दरवाजा, बुटकी टेबलं वगैरे. आबा भुसावळला गाडीत बसल्यापासून विचारत होते की भाकरी तरी भेटेल ना.

आई माळकरी आहे, तेव्हा फोन आधीच केला होता. कोणी घरच्या मोठ्यांना घेऊन जाणार असेल तर हे नक्की करा, कारण किमची दिसते भाजीचं लोणचं पण त्यात बहुतेक वेळा माशाचा सॉस नाहीतर खारवलेली कोळंबी असते, आणि सूपचं पाणी सुक्या मासळीत उकळलेलं असतं. त्यांनी आईसाठी सगळं वेगळं करून ठेवलं होतं, अगदी भांड्यांपासून, आणि प्रत्येक गोष्ट दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवत होते.

जेवण यायच्या आधी वाट्या आल्या, जड, पिवळसर, बारीक बारीक किती तरी. आईने एकीवर नखाने टिचकी मारली, कानाशी धरली आणि म्हणाली, "हे तं कासं आहे." आम्हाला वाटलं पितळ असेल. पण मालकीणबाई आल्या तर खरंच कासंच निघालं, तिकडे त्याला युगी म्हणतात आणि चांगल्या युगीत साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं, आपल्या काशाचं प्रमाणही जवळपास हेच. मग आई सुरू झाली, तिच्या माहेरी सगळ्यांना काशाची ताटं होती, ती मोडीत कशी गेली, कोणी घातली, सगळं. बाई ऐकत उभ्या होत्या आणि भाची भाषांतर करत होती.

छोट्या वाट्यांत बानचान, म्हणजे तोंडीलावणी, संपली की परत भरून आणतात आणि त्याचे वेगळे पैसे नसतात. त्यात एक वांग्याची होती. आईने खाऊन लगेच सांगितलं, "भाजेल नाही, वाफवेल आहे, वरून तीळाचं तेल." बरोबर होतं! बामणोदच्या वांग्यांवर आयुष्य गेलेल्या बाईला कोण फसवणार.

आता मुख्य गोष्ट. आम्ही जेवायला सुरुवात करणार तर बाईंनी हसून थांबवलं. त्यांच्याकडे सगळ्यात मोठं माणूस चमचा उचलत नाही तोवर कोणी खात नाही. सगळ्यांनी साहजिकच आबांकडे पाहिलं. आबांनी चमचा हातात घेतला आणि आईपुढे ठेवला. "आज मान हिचा." आई लाजली, "मले कायले आधी, पोरायले भूक लागेल असीन, मी जेवते मंग," वगैरे नेहमीचं. पण कोणीच हललं नाही, सात वर्षांचा नातूसुद्धा हात मांडीवर ठेवून बसला. मग तिने घेतला. मला तर ते बघताना गलबलून आलं, बहिणीचंही तेच.

आणि पहिला घास होता समुद्री शेवाळाच्या सूपचा, म्योकगुक. हे तिकडे बाळंतिणीला देतात, आणि म्हणून वाढदिवसालाही हेच पितात, आईने आपल्याला जन्म देऊन जे प्यायलं त्याची आठवण म्हणून. मला हे माहीत होतं, पण आईला सांगितल्यावर ती बराच वेळ वाटीकडे बघत बसली, मग आजीबद्दल बोलली, कार्तिकात थंडी कशी होती आणि आजीने बाळंतपणानंतर किती दिवसांत परत शेतात जायला सुरुवात केली. हे ती आम्हाला याआधी कधीच बोलली नव्हती. सूप मात्र तिने अर्धंच संपवलं, ते बुळबुळीत लागतं आणि आपल्या जिभेला सवय नाही, खरं ते खरं. तापलेल्या दगडी भांड्यातला बिबिमबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, मात्र सगळ्यांना आवडला, तळाची खरपूड काढायला आबा आणि नातू भांडत होते.

बाईंना साठीचं कळलं तेव्हा त्यांनी ह्वानगापबद्दल, म्हणजे त्यांच्याकडच्या साठीबद्दल, सांगितलं. तिकडे प्रत्येक वर्षाला १२ प्राण्यांपैकी एक आणि १० 'खोडं' नावाच्या चिन्हांपैकी एक अशी जोडी असते, ते चक्र फिरून साठ वर्षांनी तीच जोडी परत येते, १९६५ सापाचं आणि २०२५ पण सापाचं. आबा पंचांगवाले, लगेच म्हणाले आमचंही तसंच, ही जन्मली तेव्हा शके १८८७, विश्वावसु संवत्सर, आणि शके १९४७ लाही विश्वावसु. दोघं एकमेकांना बोटांवर मोजून दाखवत होते आणि दोघांचंही बरोबर येत होतं.

हल्ली माणसं जास्त जगतात म्हणून तिकडे सत्तरीच मोठी करतात म्हणे. आबांच्या सत्तरीचं आईने गाडीतच ठरवून टाकलं, शेतात, थंडीत, तूर-कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत, आणि स्वयंपाक आम्ही भावांनी करायचा. वांगी ती स्वतः निवडून देणार आहे.