कॉफीचा काटा चुकायलाय, पण कॅलिब्रेशनचं बटण दाबायच्या आधी हे बघा

मागच्या वेळी कॉफीची जी अडचण सांगितली होती ती अजून चालूच आहे, तेच चिकमगळूरचे बीन्स म्हणजे भाजलेले दाणे, तोच ग्राइंड, 15 ग्रॅम बीन्सला 250 ग्रॅम पाणी, आणि तरी कप एक दिवस कडक येतो अन् दुसऱ्या दिवशी पातळ. ग्राइंडर खोलून साफ केला, पाण्याचं टेंपरेचर बघितलं, काही फरक नाही. शेवटी संशय काट्यावर गेला. काटा साधाच आहे, 2 किलोपर्यंतचा, 0.1 ग्रॅम दाखवणारा, टायमरवाला, ऑनलाइन घेतलेला.

आता काटा चुकायलाय म्हणलं की पहिला सल्ला एकच येतो, 500 ग्रॅमचं वजन आण आणि कॅलिब्रेट कर, म्हणजे त्या वजनावर काट्याचा आकडा जुळवून घे. मी ते मुद्दाम केलं नाही आणि का केलं नाही तेच आज सविस्तर लिहायचंय. कॉफीमध्ये आपल्याला खरं वजन लागतच नाही, प्रमाण लागतं. काटा सगळीकडं सारखाच अर्धा टक्का जास्त दाखवत असंल तर बीन्सही अर्धा टक्का चुकतात आणि पाणीही तेवढंच, म्हणजे प्रमाण जिथल्या तिथं. कॅलिब्रेशननं नेमकी हीच चूक दुरुस्त होते जी आपल्या कपाला बाधतच नाही. आपल्याला बाधणारी चूक वेगळी असते, तीच वस्तू परत ठेवली तर वेगळा आकडा, किंवा कमी वजनावर बरोबर आणि जास्त वजनावर चूक. अशा काट्याला कॅलिब्रेट केलं तर खोट तशीच राहते, फक्त 500 च्या आकड्यावर झाकली जाते.

म्हणून आधी ठरवायचं की चूक कोणत्या जातीची आहे. त्यासाठी खात्रीचं वजन लागतं. नाण्यांचा उपाय बऱ्याच जणांना माहिती आहे, पण त्यात एक भानगड आहे. 2011 च्या सिरीजचा पाचचा पितळी रंगाचा कॉइन 6 ग्रॅमचा आहे, आणि 2019 पासूनच्या नवीन सिरीजचा पाचचा 6.74. जुना पांढरा जाड पाचचा तर 9 ग्रॅमचा. दहाचा आधीचा 7.71, नवीन 7.74. एक रुपया 2011 चा 3.79 अन् 2019 चा 3.09. गल्ल्यातून मूठभर नाणी उचलून टाकली तर काहीच कळणार नाही, साल बघून वेगळी करावी लागतात. शिवाय वापरून वापरून नाणं झिजतं. एकावर एक रचून आकडा सारखा वाढतोय का बघायला नाणी चांगली, खरं वजन ठरवायला नाहीत. सिरिंजनं पाणी मोजून टाकायचा उपाय तर मी सोडूनच दिला. सिरिंजवरच्या रेघा स्वतःच चार-पाच टक्के इकडंतिकडं असू शकतात, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात टाकीचं पाणी 40 डिग्रीला असतं तेव्हा 1 मिलिलिटर पाणी 0.992 ग्रॅमच भरतं.

मी काय केलं, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून दोन नट आणले, एक मोठा एक बारका. पेट्रोलनं धुऊन ग्रीस काढलं, कोरडे केले, आणि लातूरच्या गंजगोलाई बाजारात आमच्या ओळखीच्या सराफाकडं नेले. सराफाच्या काट्याला दरवर्षी सरकारी वैधमापन खात्याचा शिक्का मारून घ्यावा लागतो आणि तो 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवतो, आपल्या घरच्या कामाला यापेक्षा चांगला आधार नाही. काका म्हणले, "आधी फॅन बंद कर, मग काच लाव, आणि एकदा बघून आकडा धरू नको बरं, उचलून परत ठेव." त्यांनीच दोन्ही नट उचलून उचलून परत ठेवले, दरवेळी तोच आकडा, मोठा 386.42 आणि बारका 97.18. पैसे घेतले नाहीत, उलट कॉफीला एवढं मोजमाप कशाला लागतं ते नीट समजून घेतलं. नट लोखंडाचे आहेत म्हणून हात न लावता कापडानं उचलतो आणि झिपच्या पिशवीत ठेवतो, गंज चढला तर आकडा गेला.

घरी येऊन काकांचीच पद्धत लावली. बारका नट ठेवला, 97.2, उचलला, ठेवला, 97.2, छान. मोठा नट ठेवला, 386.4, परत 385.8, परत 386.1. हितं पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं. मग खरी टेस्ट केली जी मला वाटतं प्रत्येकानं करायला पाहिजे. ओततानाची परिस्थिती तयार करायची, म्हणजे काचेचा सर्व्हर (कॉफी गोळा होणारं भांडं) आणि वर ड्रिपर (गाळणीचा कोन) ठेवून टेअर करायचं, म्हणजे आकडा शून्यावर आणायचा, आणि मग त्याच्यावर नट ठेवायचा. माझा सर्व्हर-ड्रिपर मिळून 400 ग्रॅमच्या वर जातो. रिकाम्या काट्यावर 97.2 दाखवणारा तोच बारका नट आता 95.9. मोठा नट 381 च्या घरात. म्हणजे हलक्या वजनाला काटा बरोबर, भार वाढला की कमी दाखवायला लागतो. बीन्स हलके म्हणून बरोबर मोजले जायलेत आणि पाणी सर्व्हरच्या वर म्हणून चुकीचं. प्रमाणच बिघडलं.

भार वाढल्यावर कमी दाखवतो याचा अर्थ सरळ आहे, वरच्या प्लेटचा भार सगळा लोड सेलवर न जाता थोडा दुसरीकडं कुठंतरी टेकायलाय. लोड सेल म्हणजे अॅल्युमिनियमची छोटी पट्टी, मधी भोकं पाडून बारीक केलेली, वजन पडलं की वाकते, आणि त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण ओळखणाऱ्या बारीक पट्टीचा, रेझिस्टन्स बदलतो. स्ट्रेन गेज 1938 मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी एकमेकांना माहिती नसताना शोधला, अन् आज तो आपल्या ओट्यावरच्या स्वस्त काट्यातही आहे. हे काम किती बारीक आहे त्याचा हिशोब मी केला. अशा सेलचं आउटपुट साधारण व्होल्टला 1 मिलिव्होल्ट असतं. 3 व्होल्ट दिले तर 2 किलोला 3 मिलिव्होल्ट. 2 किलोत 0.1 ग्रॅमचे 20,000 भाग. म्हणजे एका भागाला 0.15 मायक्रोव्होल्ट! एवढ्याशा सिग्नलवर आपण भरवसा ठेवतो, मग प्लेट बॉडीला नुसती घासली तरी आकडा बिघडणारच.

प्लेट कुठं टेकती ते शोधायला कागदाची पट्टी वापरली. सर्व्हर भरून ठेवला आणि प्लेट-बॉडीच्या फटीतून पट्टी चारी बाजूनं फिरवली. सिंककडच्या बाजूला अडकली. प्लेट वर उचलून काढली तर आत पांढरा थर आणि त्यात कॉफीचा बारीक चुरा बसलेला. लातुरात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हा थर नवीन नाही, नळाच्या जाळीवर, गीझरच्या कॉइलवर तोच असतो. ओतताना थेंब सांडतात, फटीत जातात, पाणी उडून जातं अन् क्षार राहतो. लिंबाचा रस पाण्यात घालून इअर बडनं थर भिजवला, पुसला, नंतर साध्या पाण्याचा बोळा, मग रात्रभर कोरडं होऊ दिलं. पाणी ओतायचं नाही अजिबात, आणि सेलवर जो मेणासारखा चिकट थर असतो तो ओलाव्यापासून गेजला वाचवतो, त्याला खरवडायचं नाही. एका पायाचं रबर पण बसलं होतं म्हणून काटा बारीक डुगडुगत होता, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लावला. ओटा सिंककडं उतरता आहे त्याची मात्र काळजी करू नका, 1 डिग्री तिरकं असलं तर फरक फक्त 0.015 टक्के पडतो. डुगडुगणं वाईट, उतार चालतो.

साफ केल्यावर आकडे असे आले. मोठा नट 386.9, बारका 97.3, दोन्ही मिळून 484.2, आणि सर्व्हरच्या वर ठेवले तरी तेच. खऱ्या वजनापेक्षा सगळीकडं 0.12 टक्के जास्त. हीच ती निरुपद्रवी चूक, म्हणून कॅलिब्रेशनला हात लावला नाही. गुरुत्वाकर्षणामुळं असंल का म्हणून ते पण तपासलं. काटा दक्षिण चीनमध्ये सेट झाला असं धरलं तर लातूरला गुरुत्वाकर्षणाचा जोर थोडा कमी असल्यामुळं तो 0.05 टक्क्याच्या आसपास कमी दाखवायला पाहिजे, हा तर जास्त दाखवतोय, म्हणजे कारण ते नाही. जर्मनीत सेट झालेला काटा तसाच आणला तर मात्र 0.3 टक्के कमी दाखवंल, 250 ग्रॅमला पाऊण ग्रॅम.

आता महत्त्वाचं. वरची खोट निघाली पण तिनं सगळं स्पष्ट होत नव्हतं. 250 दाखवत असताना खरं पाणी 253 च्या आसपास पडत होतं, ही एक-सव्वा टक्क्याची चूक आहे, त्यानं कप थोडा पातळ होईल पण कडक का येत होता? बीन्सच्या बाजूला बघितलं. रिकामी वाटी ठेवून टेअर केलं आणि एक-एक दाणा टाकायला लागलो. भाजलेला दाणा साधारण 0.12 ते 0.15 ग्रॅमचा. एक टाकला, 0.1 आलं, थोडा वेळ थांबलो तर परत 0.0. दुसरा टाकला, परत तेच. सहा दाणे वाटीत आणि काटा शून्यावर!

हा बिघाड नाही, असंच बनवलंय त्याला. शून्याच्या आसपास हळूहळू होणारा बदल हा गरमीमुळं किंवा बॅटरीमुळं झालाय असं काटा समजतो आणि स्वतःच शून्य सरकवून घेतो, म्हणजे रिकामा काटा नेहमी 0.0 दाखवतो. काट्याची किंमत कमी असली की शून्याच्या आसपासचा हा पट्टा जरा जास्तच रुंद ठेवलेला असतो. ज्या दिवशी मी पिशवीतून भसकन बीन्स ओतत होतो त्या दिवशी बरोबर 15, आणि ज्या दिवशी बरणीतून चमच्यानं हळूहळू, तेव्हा 15 दाखवून वाटीत 15.6, 15.8. ही चार-पाच टक्क्यांची चूक, पाण्याच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी. कडक कप इथून येत होता. इतके दिवस सगळे कॉफीवाले पाण्याच्या वजनाचं बोलायलेत, पण 15 ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम जाणं हे 250 मध्ये 8 ग्रॅम जाण्याएवढं आहे, लक्ष बीन्सकडं पाहिजे.

याच्यावर उपाय एक रुपयाही खर्च नसलेला आहे. टेअर केल्यावर प्लेटवर पाचचा 6 ग्रॅमवाला कॉइन ठेवायचा आणि जो आकडा येईल त्याच्यापुढं 15 मोजायचे. काटा आता 6 वर उभा आहे, शून्याच्या जवळ नाही, म्हणून तो काही गिळत नाही. इथं कॉइन झिजलेला असला तरी चालतं कारण आकडा आपण बघूनच सुरुवात करतो. एस्प्रेसोवाल्यांनी पण हे करा, पहिले थेंब हळू पडतात अन् तेच गायब होतात. कॉइन ठेवून परत दाणे टाकले, प्रत्येक दाण्याला आकडा वाढला आणि टिकला. सलग कप एकसारखे यायलेत, घरच्यांनी न सांगता ओळखलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कूलरसमोर काटा ठेवू नका, अगदी मंद झुळूक प्लेटवर पडली तरी 0.1 ग्रॅमएवढा दाब होतो, आणि मे महिन्यात आपल्या घरात कूलर बंद कधी असतो? मी ओततेवेळी कूलरकडच्या बाजूला पुठ्ठा उभा करतो. चार्जिंगला लावून वापरला की शेवटचा आकडा नाचतो, वायर काढून वापरा. गरम सर्व्हर उचलल्यावर काटा −0.6 दाखवत होता, सेलला वरून सर्व्हरची ऊब लागल्यामुळं, आता मधी कॉर्कचा तुकडा ठेवला तर −0.1 वर आलं. ही टेस्ट करताना उघड्या गरम पाण्याचं वजन कमी होताना दिसलं तर काट्याला दोष देऊ नका, वाफ खरंच जात असते, सर्व्हर उचलल्यानंतरचं शून्य बघायचं.

एक गोष्ट अजून राहिली आहे. कोपऱ्यांची टेस्ट केली तर मोठा नट मधोमध 386.9, सिंककडच्या कोपऱ्यात 387.4 आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यात 386.5. सर्व्हर मधी ठेवला की प्रश्न येत नाही, पण सेलचा स्क्रू ढिला आहे का ते खोलून बघायचंय. ते काम मृग निघाल्यावर करणार, कारण दमट हवेत आकडे कसे बदलतात ते न खोललेल्या काट्यावरच आधी बघून घ्यायचंय. तोवर तुमच्यापैकी कुणाकडं असाच 2 किलोवाला काटा असंल तर सर्व्हर ठेवून बारक्या वजनाची टेस्ट आणि एक-एक दाण्याची टेस्ट दोन्ही करा, आणि आकड्यासोबत पाणी बोअरचं का फिल्टरचं वापरता ते पण सांगा.