बी.एफ.ए.ची शाखा आणि ती पाच कामं : माझा अनुभव

बी.एफ.ए.च्या (चित्रकला-शिल्पकलेच्या पदवीच्या) पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळंच असतं, शाखा दुसऱ्या वर्षी मिळते. निकाल, गुणांची यादी, फी हे आपोआप पार पडतं. गाडं अडतं ते पसंतीच्या अर्जावर. आमच्या अर्जात अट होती की पहिल्या पसंतीच्या शाखेच्या माध्यमातली पाच कामं दाखवून विभागप्रमुखांची सही आणायची. आणि त्याच शाखेच्या स्टुडिओबाहेर पाटी : पहिल्या वर्षाला प्रवेश नाही. ऑफिसात विचारलं तर ‘विभागात विचारा’, विभागात विचारलं तर ‘नियम ऑफिसचा’. डोकं फिरतं.

मला प्रिंटमेकिंग हवं होतं, म्हणजे कोरलेल्या ठोकळ्यावरून किंवा पत्र्यावरून चित्र छापायची शाखा. प्रेसला, म्हणजे छापायच्या यंत्राला, हात लावायची परवानगी नाही, मग छाप कुठून आणायचे? एचिंगचा (ॲसिडने पत्रा कोरून छापायचा) नाद तर सोडाच. जस्ताचा पत्रा, नायट्रिक ॲसिड, त्याची वाफ, हे घरात करायचं काम नव्हे. पण अर्जात प्रेसचा उल्लेखच नाही, आणि लिनोकट, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून घेतलेला छाप, प्रेसशिवाय होतो.

लिनो थंड असला की कडक राहतो, कापताना कडा तुटतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तो पाचेक मिनिटं गच्चीवर ठेवा, लोण्यासारखा कापला जातो. बारीक रेषेला व्ही आकाराची पटाशी, मोकळी जागा काढायला यू आकाराची. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे; पटाशी सटकते ती पुढेच. चित्र उलटं छापलं जातं, म्हणून अक्षरं असतील तर आरशात बघून उतरवा. शाई तेलाची घ्या. पाण्याची शाई इथल्या कोरड्या हवेत रोलरवरच सुकते आणि छाप ठिपक्या-ठिपक्यांचा येतो. काचेवर शाई पातळ पसरवा. रोलर फिरताना बारीक चरचर आवाज आला की थर बरोबर. पचपच आवाज आला तर शाई जास्त झाली, बारीक रेषा बुजणार. कागद पातळ आणि चिवट हवा, नेपाळी हातकागद चालतो. जाड कार्ट्रिज कागदावर चमच्याने छाप उठत नाही. कागदाच्या पाठीवर स्टीलच्या चमच्याची फुगीर बाजू गोल-गोल घासायची, मध्येच एक कोपरा उचलून बघायचा, फिकं असेल तिथे पुन्हा घासायचं. कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून पुठ्ठ्याचे दोन काटकोन टेबलाला चिकटवा.

बघणारे सर चित्रापेक्षा आधी छाप बघतात : एकाच ठोकळ्याचे छाप सारखे आलेत का, समासावर बोटांचे डाग आहेत का. खाली पेन्सिलीने डावीकडे ३/१० (दहापैकी तिसरा छाप) असा क्रमांक, उजवीकडे सही. क्रमांक शाईने घातलेला असेल तर बोलणी खावी लागतात. तेलाची शाई रात्रीतून पुरती सुकेलच असं नाही, त्यामुळे सहीच्या आदल्या दिवशी छापायला बसू नका. ओले छाप एकमेकांवर ठेवले की सगळेच गेले.

हेच टेक्स्टाईलवाल्यांचंही, मागाशिवाय काम दाखवता येतं. घरचे म्हणणारच, ‘सोलापूरचा आहेस, टेक्स्टाईल घे.’ चादरीचं गाव म्हणून शाखा घेऊ नये. घ्यायचीच तर आधी एक डिझाईन ग्राफवर उतरवून बघा. उभा रकाना म्हणजे ताण्याचा (कापडातला उभा) एक धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा (आडवा) एक. कार्डांवर चालणाऱ्या जॅकार्डला (नक्षी विणायच्या मागाला) बाण्याच्या प्रत्येक धाग्यामागे एक पंच कार्ड, म्हणजे भोकं पाडलेला पुठ्ठा, लागतं, म्हणजे तीनशे ओळींच्या नक्षीला तीनशे कार्डं. तिरकी रेषा ग्राफवर पायऱ्यांची होते. सलग खूप रिकामे चौकोन सोडले तर धागा कापडावर लोंबतो आणि नखाला अडकतो. नक्षी चारही बाजूंनी जुळते का हे बघायला कागद मधोमध उभा-आडवा कापून तुकड्यांची अदलाबदल करा. मूळ कडा मध्ये येतात, तुटलेली रेषा लगेच दिसते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यात नीट विचारलं तर बाद कार्डं बघायला मिळतात. एक कार्ड आणि त्याचा ग्राफ शेजारी ठेवला की अर्धं काम दाखवून झालं.

शिल्पकलेसाठी छोटं उठावशिल्प पुरतं. मातीवर ओलं गोणपाट सतत हवं, नाहीतर दुपारपर्यंत भेगा. साच्यासाठी प्लास्टर पाण्यात टाकायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही, गुठळ्या होतात. पेंटिंगवाल्यांना ही अट जाचत नाही, त्यांची कामं वर्षभराची पडलेलीच असतात. तैलरंगाचं चित्र मात्र ओलं असताना गुंडाळू नका.

हे आधी सांगायला हवं होतं : कामं माउंट करायच्या आधी फोटो काढा, सकाळच्या सावलीत, फ्लॅश बंद करून. मूळ कामं विभागात जमा होतात आणि परत कधी मिळतील याचा भरवसा नसतो.

दुसऱ्या पसंतीचा रकाना कोरा ठेवू नका, तिन्ही ठिकाणी एकच शाखाही लिहू नका. पहिल्या शाखेच्या जागा भरल्या की असा अर्ज थेट शेवटी जातो, मग उरलेलं पदरात पडतं. आणि स्टोअरचा ना-हरकत दाखला सहीच्या आधी घ्या. त्यासाठी ड्रॉइंग बोर्डच्या डिपॉझिटची मूळ पावती मागतात, झेरॉक्स चालत नाही.